हातात मावणारा गेमिंग पीसी: जिंकतो कोण, आणि का?

(आपल्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'हं' जरा कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय. मथळ्यांपुढचे आकडे मिनिट-सेकंदांचे आहेत. ऐकायचं असेल तर थेट त्या जागी उडी मारा.)

००:०० सत्तर हजारांचा प्रश्न

गेल्या आठवड्यात एक व्हॉइस नोट आली. मुलगा आपल्या कोल्हापूरचा, राजारामपुरीतला. नोकरी पुण्यात, हिंजवडीला. कॉट बेसिसवर राहतो. खोलीत तिघं, टेबल एकच, आणि त्यावर कायम कुणाचे तरी कपडे. लॅपटॉप आहे, पण कंपनीचा, त्यावर गेम टाकायची सोय नाही. घरी जुना डेस्कटॉप आहे, त्यावर सहा-सात वर्षांत सेलमध्ये घेत घेत जमवलेली स्टीमची लायब्ररी. पण घरी येतो शुक्रवारी रात्री आणि परत जातो रविवारी.

तो म्हणतो, "दादा, सव्वा वर्ष साठवून सत्तर हजार जमवलेत. हँडहेल्ड गेमिंग पीसी घ्यायचाय. यूट्यूबवर जो तो वेगळं सांगतो. सगळे म्हणतात स्टीम डेक जगात भारी, पण त्याची चिप तर बाकीच्यांपेक्षा जुनी आहे. मग तो भारी कसा? आणि मी काय घेऊ?"

भावा, तू दोन प्रश्न विचारलेस, आणि पहिल्याचं उत्तर कळलं की दुसरं सोपं होतं. म्हणून आज आधी हे बघू की या शर्यतीत एखादं मशीन पुढे का जातं. मग तुझ्या सत्तर हजारांकडे येऊ.

०१:३० आधी एक खुलासा, बीजीएमआयवाल्यांसाठी

हँडहेल्ड गेमिंग पीसी म्हणजे मोठा मोबाईल नव्हे. दिसायला तसा असतो: मध्ये सात-आठ इंची स्क्रीन, दोन्ही बाजूंना कंट्रोलरची बटणं. पण आत पूर्ण कॉम्प्युटर असतो. लॅपटॉपमध्ये असते त्या जातीची चिप, १६ जीबी किंवा जास्त रॅम, एसएसडी. चालतात ते पीसीचे गेम.

त्यामुळे कुणी बीजीएमआय किंवा फ्री फायर खेळायला हे घेणार असेल, तर इथंच थांबा. ते मोबाईलचे गेम आहेत. त्यासाठी तुमच्या खिशातला फोनच बरा. सत्तर हजार वाचले, पार्टी द्या.

०२:२० ताकद होती, पण कुणी विचारत नव्हतं

असं मशीन स्टीम डेकनं पहिल्यांदा आणलं असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. जीपीडी नावाच्या चिनी कंपनीनं २०१६मध्येच 'जीपीडी विन' आणला होता, तोही लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून. २०२१मध्ये 'आया निओ' आला. मशीनं बरी होती. पण महाग, थोड्या संख्येनं बनणारी, आणि वापरायला किचकट. हौशी लोक सोडले तर कुणाला पत्ता नव्हता.

मग फेब्रुवारी २०२२मध्ये व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक आला. सुरुवातीची किंमत ३९९ डॉलर. पुढच्या वर्षी, २०२३मध्ये, असूसचा आरओजी अ‍ॅलाय आणि लेनोवोचा लीजन गो आले. २०२४मध्ये एमएसआयचा क्लॉ. कागदावर बघितलं तर यातलं प्रत्येक मशीन डेकपेक्षा तगडं किंवा नवं. तरीही पुढची दोन वर्षं सगळे रिव्ह्यू 'डेकच्या तुलनेत कसा आहे' एवढ्यावरच फिरत राहिले.

आपल्या खासबागेत कुस्ती बघितलेल्या माणसाला हे नवीन नाही. नुसत्या वजनावर कुस्ती निघत नाही, दम लागतो आणि डाव लागतो. आता डेकचे डाव एकेक करून बघू.

०३:४० पहिला डाव: पैसे मशीनवर मिळवायचेच नाहीत

जिओफोन आठवतो? २०१७मध्ये १,५०० रुपये डिपॉझिटवर फोन. त्या फोनवर कमाई करायचीच नव्हती, कमाई नंतरच्या रिचार्जमध्ये होती.

व्हॉल्व्हचं गणित साधारण तसंच. स्टीम हे पीसी गेम विकणारं जगातलं सगळ्यात मोठं दुकान, आणि ते दुकान व्हॉल्व्हचं. तिथं विकल्या जाणाऱ्या गेमवर कंपनी साधारण ३० टक्के कमिशन घेते. तुम्ही डेक घेतलात की पुढची चार-पाच वर्षं गेम तिथूनच घेणार. म्हणून मशीनवर नफा जेमतेम सुटला तरी चालतो. एवढी कमी किंमत ठेवणं त्रासदायक होतं, हे कंपनीचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी तेव्हा उघड सांगितलं होतं.

आता असूस, लेनोवो, एमएसआय यांच्या बाजूनं बघा. त्यांचं दुकान नाही. तुम्ही गेम विकत घेतलात की कमिशन जातं व्हॉल्व्हला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला. त्यांना जे मिळवायचं ते मशीन विकतानाच. त्यात विंडोजच्या लायसन्सचा खर्च. म्हणून त्यांचं मशीन महाग असतं, आणि महाग आहे हे पटवून द्यायला त्यांना मोठे आकडे दाखवावे लागतात: जास्त पिक्सेल, जास्त हर्ट्झ, जास्त वॅट. आणि तिथंच पुढची गोची सुरू होते.

०५:१५ दुसरा डाव: स्क्रीन छोटी, काम कमी

डेकची स्क्रीन १२८० बाय ८००. आज दहा-बारा हजारांच्या फोनलाही यापेक्षा जास्त रिझोल्यूशन असतं. मग ही कंजुषी का?

गुणाकार करून बघा. १२८० गुणिले ८०० म्हणजे १०,२४,००० ठिपके. अ‍ॅलायची स्क्रीन १९२० बाय १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके, जवळपास दुप्पट. लीजन गोची २५६० बाय १६००, म्हणजे ४०,९६,०००. डेकच्या बरोबर चौपट.

फोनवर व्हिडिओ बघताना याचा फारसा भार पडत नाही, कारण चित्र तयारच असतं. गेममध्ये प्रत्येक ठिपका सेकंदाला तीस-साठ वेळा नव्यानं रंगवावा लागतो. ठिपके चौपट, तर चिपचं काम जवळपास तेवढंच वाढतं. म्हणून चांगल्या स्क्रीनच्या मशीनवरही जड गेम खेळताना लोक सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन खाली आणतात. म्हणजे ज्याचे पैसे दिले तेच वापरायचं नाही.

सात इंचाच्या स्क्रीनवर ८०० ओळी पुरतात, हे व्हॉल्व्हनं आधीच धरलं आणि त्या मापाची चिप बनवून घेतली. चपलेसारखंच आहे. पायाचं माप घेऊन शिवलेली कोल्हापुरी आणि एक नंबर मोठा महागडा बूट, चालायला कुठली बरी?

०७:०० तिसरा डाव: दम, म्हणजे बॅटरी

हा भाग नीट ऐका, कारण जाहिरातीत हा कधी नीट सांगत नाहीत.

तुमच्या फोनची बॅटरी ५,००० एमएएच असेल, तर ती साधारण १९ वॅट-अवर होते. पहिल्या स्टीम डेकची आणि पहिल्या अ‍ॅलायची बॅटरी ४० वॅट-अवर. म्हणजे दोन फोनांएवढी. फोन दिवसभर जातो, मग हे मशीन दोन दिवस जायला हवं की नाही? पण हे किती खातं बघा.

डेकची चिप जास्तीत जास्त १५ वॅट घेते. स्क्रीन, पंखा, वाय-फाय धरून जड गेममध्ये सगळं मिळून २२ ते २५ वॅट. ४० भागिले २५, म्हणजे दीड तासाच्या वर थोडं. अ‍ॅलाय टर्बोवर टाकला तर नुसती चिप २५ वॅट, एकूण ३५च्या पुढे. ४० भागिले ३५, म्हणजे तास-सव्वा तास.

आता आपला मुलगा शुक्रवारी रात्री वाकडहून बसमध्ये बसला असं समजा. टर्बोवर जड गेम लावला, तर खंबाटकी घाट लागायच्या आत मशीन आडवं. उरलेला सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत. बसमधला चार्जिंग पॉइंट चालू असेल या भरवशावर राहू नका. मी एकदा राहिलो होतो.

तेच मशीन, पण हलका टू-डी गेम, ब्राइटनेस कमी, एकूण वापर ११ वॅटच्या आसपास. मग साडेतीन तासांच्या वर मिळतात. बस वेळेत असली तर कराड येतं.

यात एक गंमत आहे. वॅट दुप्पट केले म्हणून गेम दुप्पट जोरात चालत नाही. सुरुवातीचे वॅट भरपूर काम देतात, नंतरचे थोडंच देतात आणि बाकी उष्णता होऊन पंख्यावाटे बाहेर जातात. डेकची चिप कमी वॅटमध्ये चांगलं काम करेल अशीच बेतली होती. अ‍ॅलायची चिप जास्त वॅट मिळाले की पुढे पळते. पण बसमध्ये, बॅटरीवर, जास्त वॅट आणायचे कुठून?

हे असूसलाही कळलं. २०२४च्या अ‍ॅलाय एक्समध्ये त्यांनी बॅटरी ४०वरून थेट ८० वॅट-अवर केली, वजन मात्र ६०८ ग्रॅमवरून ६७८ एवढंच वाढलं. व्हॉल्व्हनंही नोव्हेंबर २०२३च्या ओएलईडी मॉडेलमध्ये ५० वॅट-अवर बॅटरी दिली आणि वजन ६६९वरून ६४० ग्रॅमवर आणलं. दोन्ही कंपन्यांनी दुसऱ्या खेपेला आधी दम वाढवला.

ही गोष्ट जुनीच आहे म्हणा. १९८९चा निन्टेन्डोचा गेम बॉय काळा-पांढरा होता, पण चार पेन्सिल सेलवर कितीतरी तास चालायचा. सेगाचा गेम गिअर रंगीत, झगमगीत, पण सहा सेल तीन ते पाच तासांत संपवायचा. गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटींच्या वर विकले गेले. गेम गिअर साधारण एक कोटीवर थांबला. आपण लहानपणी जत्रेत घेतलेला तो '९९९९ इन १' ब्रिक गेम आठवा. त्याच्या आत काय दिवे लावले होते? पण दोन सेलवर महिनाभर खेळलोय आपण.

१०:१० चौथा डाव: बटण दाबलं की गेम

माझ्या मते सगळ्यात मोठा डाव हाच.

फोन खिशातून काढला, बटण दाबलं, जिथं सोडलं तिथून सुरू. याची आपल्याला इतकी सवय झालीय की ती सोय आहे हेच विसरलोय. विंडोज बनलं माऊस आणि कीबोर्डसाठी, मोठ्या स्क्रीनसाठी. सात इंचावर त्याची बारीक बटणं बोटानं दाबा, मध्येच अपडेट येऊ दे, स्लीपमधून उठल्यावर गेम बंद पडलेला दिसू दे. जेवणाच्या सुट्टीतल्या वीस मिनिटांतली दहा तिथंच जातात.

डेकवर व्हॉल्व्हची स्वतःची स्टीमओएस आहे, लिनक्सवर उभी केलेली. चालू केलं की समोर थेट तुमचे गेम. बटण दाबून झोपवा, संध्याकाळी उठवा, बहुतेक वेळा तोच गेम त्याच जागी उभा असतो. कुठला गेम नीट चालतो, कुठला चालत नाही, याचा शिक्का दुकानातच मारलेला असतो.

हे एका रात्रीत झालेलं नाही. २०१५मध्ये व्हॉल्व्हनं वेगवेगळ्या कंपन्यांकडून 'स्टीम मशीन' नावाचे डबे बाजारात आणले होते. सपशेल आपटले. कारण सोपं: लिनक्सवर गेमच नव्हते. तिथून धडा घेऊन २०१८मध्ये त्यांनी 'प्रोटॉन' आणलं. प्रोटॉन म्हणजे दुभाषी समजा. गेम विंडोजच्या भाषेत बोलतो, मशीनला लिनक्सची भाषा कळते, आणि हा मध्ये बसून चालता चालता भाषांतर करतो.

याचं महत्त्व आपल्याकडच्या उदाहरणावरून कळेल. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओनं २०२०मध्ये 'राजी' हा गेम काढला. आपल्या पुराणकथांवर बेतलेला, देखणा. अशा छोट्या टीमनं विंडोजसाठी गेम बनवायचा, कन्सोलसाठी बनवायचा, आणि परत लिनक्ससाठी वेगळा? कुठून माणसं आणायची, कुठून पैसा? प्रोटॉन असल्यानं जगभरच्या अशा स्टुडिओंना ते ओझं उचलावं लागत नाही. आणि गिऱ्हाइकाला आधीच घेतलेला गेम परत विकत घ्यावा लागत नाही. आपल्या मुलाची सहा-सात वर्षांची लायब्ररी आहे ना, त्यातला बराचसा भाग पहिल्या दिवसापासून चालू.

प्रतिस्पर्ध्यांनाही हे पटलंय. मे २०२५मध्ये लेनोवोनं लीजन गो एस थेट स्टीमओएस टाकून विकायला काढला. व्हॉल्व्हच्या बाहेरच्या कंपनीचं असं ते पहिलं हँडहेल्ड. ऑक्टोबर २०२५मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि असूसनं मिळून आरओजी एक्सबॉक्स अ‍ॅलाय आणला. त्यात विंडोजचा डेस्कटॉप मागे ठेवून आधी गेमचीच पूर्ण स्क्रीन उघडते. सगळे शेवटी त्याच गल्लीत आले.

१२:४५ डेक कुठं मार खातो

एकतर्फी बोलून उपयोग नाही. डेकची मोठी दुखरी जागा म्हणजे ऑनलाइन गेमचे अँटी-चीट. व्हॅलोरंट, फोर्टनाइट, कॉल ऑफ ड्यूटीचे नवे भाग स्टीमओएसवर चालत नाहीत. एपेक्स लेजंड्स आधी चालायचा, २०२४मध्ये त्यांनी लिनक्सला दार बंद केलं. म्हणजे कालपर्यंत चालणारा गेम उद्या बंद होऊ शकतो, आणि त्यात तुमच्या हातात काही नसतं. गेम पासचे गेमही विंडोजवर सरळ डाउनलोड होतात, डेकवर ते क्लाउडवरून खेळावे लागतात.

अशा लोकांसाठी विंडोजचं मशीन बरं. फक्त एक लक्षात घ्या. व्हॅलोरंट पीसीवर कंट्रोलरनं खेळताच येत नाही. हँडहेल्ड घेतला तरी माऊस-कीबोर्ड जोडावा लागणार. मग टेबल आलं, खुर्ची आली. तेवढ्यासाठी लॅपटॉप काय वाईट होता?

आणि 'डेक जिंकला' म्हणजे किती? व्हॉल्व्हनं २०२३मध्ये 'कित्येक दशलक्ष' विकल्याचं सांगितलं. निन्टेन्डो स्विच १५ कोटींच्या वर गेलाय. म्हणजे ही तालीम अजून छोटीच आहे.

१४:०० कोल्हापुरातून बघितलं तर

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, ठरलं, डेक घ्यायचा. थांबा.

स्टीम डेक भारतात अधिकृतपणे विकला जात नाही. इथं जो मिळतो तो बाहेरून आणलेला. त्यामुळे ज्या ३९९ डॉलरच्या किमतीवर त्याची सगळी कीर्ती उभी राहिली, ती किंमत आपल्याला कधी लागूच नव्हती. आणणाऱ्याचा नफा, कर, सगळं वर चढतं. कंपनीची इथली वॉरंटी नाही. व्हॉल्व्हनं २०२२पासून आयफिक्सिटमार्फत सुटे भाग विकायला काढले, ही फार चांगली गोष्ट. पण तो भाग कोल्हापुरात यायला किती दिवस, किती खर्च, आणि बसवणार कोण?

या मशीनमध्ये दोन गोष्टी झिजणारच: जॉयस्टिक आणि बॅटरी. तेव्हा 'बिघडलं तर कुठं नेऊ?' हा प्रश्न इथं चिपपेक्षा मोठा आहे. आरओजी अ‍ॅलाय जुलै २०२३मध्ये भारतात ६९,९९० रुपयांना अधिकृतपणे आला. बिल मिळतं, वॉरंटी मिळते. जगाच्या बाजारात दुसरा आलेला गडी आपल्या तालमीत पहिला येऊ शकतो, तो असा.

अजून एक घरगुती हिशेब. मोठा गेम आज १०० जीबीच्या पुढे सहज जातो. रोजच्या २ जीबी डेटा पॅकवर तो उतरवायला ५० दिवस. म्हणजे घरी किंवा रूमवर फायबरचं वाय-फाय हवंच. निघायच्या आधी गेम डाउनलोड करून, एकदा सुरू करून, ऑफलाइन चालतोय ना हे बघून ठेवा.

१५:३० तर मग, सत्तर हजारांचं काय?

भावा, तुला मी हे पाच प्रश्न देतो. बाकीच्यांनीही स्क्रीनशॉट काढा.

१. तुझे रोजचे तीन गेम कुठले? ते त्या मशीनवर चालतात का, हे गेमचं नाव घेऊन तपास.

२. जड गेमवर, चार्जरशिवाय, किती वेळ? बॅटरीच्या वॅट-अवरला एकूण वॅटनं भाग. जाहिरातीतला सगळ्यात मोठा आकडा सोडून दे.

३. बटण दाबल्यापासून खेळायला लागेपर्यंत किती वेळ? रिव्ह्यू बघताना नेमकं हेच बघ.

४. हातात धरून बघितलंस का? लीजन गो कंट्रोलरसकट ८५४ ग्रॅम आहे, म्हणजे चार फोन एकदम. झोपून खेळायचं असेल तर नाकावर पडल्यावर कळतं.

५. बिघडलं तर कुठं, किती दिवसांत, कुणाच्या खर्चानं?

तुझ्यापुरतं बोलायचं तर हँडहेल्ड तुला शोभतो. टेबल नाही, प्रवास आहे, लायब्ररी तयार आहे, आणि तू सांगितलेले गेम एकट्यानं खेळायचे आहेत. तुझ्या जागी मी असतो तर बिल आणि वॉरंटीसकट इथं मिळणारं मशीन घेतलं असतं, भले त्यात विंडोजची कटकट असो. कटकट सेटिंगमध्ये बसून कमी करता येते. मे २०२५पासून व्हॉल्व्हनं अ‍ॅलायसारख्या मशीनवरही स्टीमओएस टाकायची वाट बरीच मोकळी केलीय, पण ते वॉरंटीचे नियम वाचूनच कर. वॉरंटी मात्र नंतर कुठल्याच अपडेटमधून येत नाही.

आणि सगळे सत्तर हजार मशीनवर घालू नको. चांगलं पाउच, मेमरी कार्ड आणि किमान ४५ वॅट देणारी पॉवर बँक, एवढ्याला पाच-सात हजार बाजूला ठेव. २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॅट-अवर असते. मध्ये थोडी वाया गेली तरी डेकसारखं मशीन एकदा पूर्ण भरून वर थोडं उरतं. म्हणजे साधा गेम लावलास तर कोल्हापूरचं स्टँड येईपर्यंत निवांत.

ज्यांच्याकडे अजून स्वतःचा लॅपटॉपच नाही, कॉलेज किंवा काम त्यावर व्हायचंय, त्यांनी आधी लॅपटॉप घ्या. हँडहेल्ड हे दुसरं मशीन म्हणून भारी आहे. पहिलं आणि एकमेव म्हणून नाही.

घेतलास की पुढची व्हॉइस नोट पाठव. बसमधूनच पाठव, आणि चार्ज किती टक्के उरलाय आणि गाडी कुठं पोचलीय तेवढं सांग. बाकीच्या मंडळींनाही उपयोग होईल. भेटू पुढच्या भागात.